पहिला मान भामाबाईंचा

या माउली, असे जवळ सरकून बसा. खांबामागं बसलं की पंख्याच्या घरघरीत अर्धी गोष्ट तिकडंच राहते. आज सांगतोय ती पुराणातली नाही, आमच्या बावड्यातली आहे, सप्त्यातल्या काल्याच्या सकाळची. हिच्यात देव येतो, पण जरा मागून. आधी येतो तो गेणबा स्पीकरवाल्याचा टेम्पो.

टेम्पो मांडवाला पाठ लावून उभा होता. हौद्यात ॲम्प्लिफायरशेजारी क्रेट उपडा घातलेला, त्यावर लॅपटॉप, आणि त्याच्यापुढं मांडी घालून गेणबाची लेक सुप्रिया. मांडवात टाळकरी टाळांच्या दोऱ्या आवळत होते. बायका लेकरांना दामटून बसवत होत्या. दह्या-लाह्यांची हंडी वर टांगून झाली होती आणि तिच्याखाली कोण उभं राहणार यावरून पोरांचं भांडणही होऊन गेलं होतं.

"छकुली, हुईल न्हवं येळेत?" गेणबानं टेम्पोच्या फळीवर हात टेकून विचारलं.

"हुईल आबा. आधी ती उदबत्ती लांब न्या. धूर समदा माझ्या डोळ्यात जातोय."

सुप्रिया बारामतीच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळते. कोऱ्हाळे बुद्रुकला तिचं सासर. कॉलेजात तिला सगळे मॅडम म्हणतात, सासरी थोरल्या सूनबाई. पण बापाच्या टेम्पोत चढली की तिची छकुली होते आणि जिभेवरचा सगळा इस्त्रीचा ताठा उतरतो.

त्या दिवशी मांडवात कीर्तनकार नव्हता. म्हणजे होता, पण लॅपटॉपच्या वायरीला जोडलेल्या एका काळ्या डिस्कमध्ये होता. आणि तो नव्हता, ती होती.

काल्याचं कीर्तन आमच्याकडं वर्षानुवर्षं भामाबाईंचं. पळसदेवच्या भामाबाई. उजनीचं पाणी उतरलं की ज्या गावचं जुनं देऊळ वर येतं, तिथल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, गळ्यात तुळशीमाळ, आवाज थोडा घोगरा. बाईमाणूस कीर्तनाला उभं राहतंय म्हणून सुरुवातीला नाकं मुरडणारे लोक पुढं त्यांच्या काल्यासाठी जावयाला आग्रहानं मुक्कामाला ठेवून घेऊ लागले. हसवता हसवता त्या कधी रडवायच्या ते डोळ्याला पदर लागल्यावरच कळायचं. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. शांतपणे गेल्या, दुपारच्या झोपेत.

सप्ता कमिटीच्या बैठकीत नवा महाराज कोण बोलवायचा याची चर्चा चालली होती. तेव्हा एरवी फक्त "माईक चालू हाय" एवढंच बोलणारा गेणबा उठून उभा राहिला होता.

"तात्या, एक डाव बाईंचंच ठेवा. माझ्याकडं हाय."

कमिटीचे अध्यक्ष सोनबा तात्या. आडदांड, मिशाळ, मनानं लोणी. ते म्हणाले, "आरं गेल्याल्या मानसाचं कीर्तन? गादीवर उभं कोन ऱ्हायाचं? तुझा डबा?"

"टाळकरी हायती, मुर्दुंग हाय, ईणा हाय. बाईंचा आवाज हाय. आनिक काय लागतं तात्या?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. पर यंत्रानं दगा दिला तर हंडी तुझ्या डोस्क्यावर फोडीन."

गेणबाकडं होतं ते असं. बाप मेंढरं राखायचा, गेणबाही राखायचा. कुठल्याशा जत्रेत कर्णा ऐकला आणि मन मेंढरांतून उठलं ते उठलंच. स्पीकर घेतल्यापासून भामाबाईंचं कीर्तन जिथं असेल, इंदापूर, बावडा, पार भिगवणकडं, तिथं त्यानं शेजारी टेप लावून ठेवलेला असायचा. कुणी सांगितलं नव्हतं. कॅसेटींचं खोकं पलंगाखाली साठत गेलं. सुप्रिया कॉलेजात लागल्यावर तिनं सुट्टीसुट्टीत एकेक कॅसेट संगणकात उतरवून घेतली. बरं झालं उतरवली, कारण पुढं खोक्याला अशी बुरशी धरली की फिती उलगडताना तुटायच्या. आता भामाबाईंचा आवाज या जगात एकाच ठिकाणी होता. त्या काळ्या डिस्कमध्ये.

म्हणून सुप्रियानं ठरवलं होतं की मांडवात कीर्तन लावण्याआधी दुसरी प्रत करायची. तिचा चुलतभाऊ दिग्विजय लग्नात डीजे लावतो. त्याची गाण्यांची डिस्क त्यानं देऊ केली. दोन्ही डिस्क त्यानंच बारामतीत एका दुकानातून एकदम आणलेल्या. काळ्या, चपट्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा जुळ्या. बेत साधा होता: दिग्विजयची डिस्क पुसून मोकळी करायची आणि भामाबाईंना तिच्यात उतरवायचं. आदल्या संध्याकाळीच सगळं तपासून, यंत्राला द्यायचे दोन्ही हुकूम, पुसायचा आणि उतरवायचा, लिहून तयार होते. पण दिग्विजय म्हणाला, "ताई, थोडी गाणी मोबाईलवर घिऊ दी," आणि काम सकाळवर गेलं.

आता इथं कान द्या, माउली. सुप्रियाच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स असतं. कॉलेजनं बाद केलेलं यंत्र, त्याच्यावर तेच धावतं. त्याची एक रीत आहे. डिस्क ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं ते नावं देतं. यंत्राची स्वतःची ती एसडीए. बाहेरून आधी जोडली ती एसडीबी, तिच्यामागून आली ती एसडीसी. आतल्या कप्प्याला पुढं आकडा लागतो, एसडीबी-एक. म्हणजे नाव डिस्कचं नाही, रांगेतल्या जागेचं. आदल्या संध्याकाळी आधी जोडली होती दिग्विजयची, म्हणून एसडीबी ती.

आणि गेणबाची रीत अशी की काल्याच्या दिवशी सकाळी सगळी यंत्रं सोडवून पुसायची, हळदीकुंकू वाहायचं, उदबत्ती ओवाळायची आणि मग पुन्हा जोडायची. त्या पहाटे त्यानं तसंच केलं. जोडताना गावाच्या शिस्तीनं जोडलं. आपल्याकडं पालखीच्या खांद्यापासून हंडीच्या काठीपर्यंत सगळ्याला मान असतो. पहिला मान कुणाचा? भामाबाईंचा. त्यांची डिस्क पहिल्या खाचेत. मग दिग्विजयची.

सुप्रियाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं वर जाणारा बाण दाबून कालचा हुकूम पुन्हा पडद्यावर आणला, एसडीबी-एक पुसून टाक, आणि एंटर मारला.

यंत्रानं विचारलं: या कप्प्यात आधीच काही भरलेलं आहे, तरी पुढं जायचं का? विचारणारच होतं. गाणी होती ना आत. तिचं बोट 'वाय'कडं निघालं. मांडवातून तात्यांचा माईकवरचा आवाज आला, "गेणबा, मंडळी बसली, चला उरका!" आणि बोट कळीला टेकलं.

टेकलं, पण दाबलं गेलं नाही. कारण यंत्रानं त्याच ओळीत कप्प्याचं नावही सांगितलं होतं. इंग्रजी अक्षरांत, भामाबाई.

हे नाव डिस्कच्या आत सुप्रियानं टाकलं होतं ते तिच्या आईच्या, सिंधुबाईंच्या हट्टानं. "बिननावाचं लेकरू अन् बिननावाचं भांडं घरात ठिवू नगं," एवढंच त्यांचं म्हणणं. आईची कटकट नको म्हणून लेकीनं ते टाकलं आणि विसरून गेली.

सुप्रियानं बोट उचललं. 'एन' दाबला. मग दोन्ही हात ओढणीत गुंडाळून मांडीत धरले, जणू हातांवरच भरवसा राहिला नव्हता.

"काय झालं गं?" गेणबा म्हणाला.

"आबा, तुमी वायरी काढल्या व्हत्या?"

"व्हय. पूजा न्हाय करायची?"

"अन् लावताना पयली कुठली लावली?"

"आता हे काय इचारनं झालं? पयला मान बाईंचा. त्यांचीच लावली."

सुप्रिया हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं सगळं सांगितलं. गेणबा ऐकता ऐकता टेम्पोच्या फळीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी म्या मान दिला, अन् त्या मानानं बाई गेल्या असत्या?"

"तुमची न्हाय, माझी चूक. ऐका तरी. पुसायच्या हुकुमात म्या डिस्कला हे रांगंतलं नाव दिलं. अन् उतरवायच्या हुकुमात तिचं लांबलचक नाव दिलं, अंगावरच्या आकड्याचं. येका डिस्कला येका हुकुमात घरच्या नावानं हाक, दुसऱ्यात साळंतल्या. कालच्याला दोन्ही जुळत व्हती. आज पुसलं असतं बाईंना, अन् मंग उतरवाया गेलं की आत कायच न्हाय."

गेणबानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "मेंढरं कोंडताना रोज येगळंच मेंढरू म्होरं असतंय. पयलं आलं त्याला पयलं नाव, असं कुनी ठिवत न्हाय. कानाला खाच मारत्यात."

"तीच खाच हितं बी हाय आबा. अंगावर आकडा असतोय, कुठंबी लावा, बदलत न्हाय. मला ठावं व्हतं. येवढं लांब लिवायचा कटाळा केला, दुसरं काय न्हाय. लॅबमधी पोरांना हेच सांगून सांगून घसा कोरडा करती मी!"

"तुझ्या आईला मातुर सांगू नगं," गेणबा म्हणाला.

"काय सांगू नगं?" सिंधुबाई चहाची किटली घेऊन टेम्पोमागं उभ्याच होत्या. त्यांना पहिल्यापासून सगळं ऐकू आलं होतं. त्या घरात असं काही नवं नव्हतं.

मग खात्री करायचं काम सुरू झालं. सुप्रियानं जोडलेल्या डिस्कांचा एक तक्ता उघडला, तो म्हणे एसडीबी-एक. दुसरा उघडला, त्यानं डिस्कचं लांब नाव देऊन शेवटी पार्ट-एक असं शेपूट लावलं. तिसरा चित्रांचा होता, तो नुसताच पहिला कप्पा म्हणाला. एकाच कप्प्याला तीन घरी तीन नावं. देवाचं ठीक आहे, माउली. त्याला हजार नावं आहेत आणि कुठल्याही नावानं हाक मारली तरी तोच ओ देतो. यंत्राचं तसं नाही. रांगेतल्या नावानं हाक मारली की त्या जागेवर जो कुणी बसला असेल तो ओ देतो.

"आबा, डिस्कच्या पाठीवर आकडा छापलाय. शेवटचं आकडं वाचा बरं. पडद्यावरच्या संगं लावून बघती."

गेणबानं भामाबाईंची डिस्क वायर न ओढता हळूच उचलून उलटी केली. आकड्यावरच हळदीकुंकवाचं बोट उमटलं होतं, चांगलं जाड.

"दिसत न्हाय."

"पुसा की."

गेणबानं हात मागं घेतला. "कुकू पुसू? बाईंचं? काल्याच्या दिवशी?"

"आबा, ती डिस्क हाय!"

"आसंल. माझ्यानं न्हाय हुयाचं."

तात्या माईकवरून पुन्हा "गेणबाऽऽऽ" करून ओरडले. मांडवात हशा पिकला.

"तुमी दोघं म्हंजी," सिंधुबाई म्हणाल्या आणि किटली खाली ठेवली. "दोनच हायत न्हवं? मंग दिगूची पुसा. तिचा आकडा कळला की उरली ती बाईंची. दिगूच्या गान्यांना कुकू कशाला पायजे?"

सुप्रियानं आईच्या पायाला हात लावला. थट्टेनं लावला, पण लावला.

दिग्विजयच्या डिस्कचं कुंकू सिंधुबाईंनीच पदरानं पुसलं. गेणबानं आकडे एकेक करून खड्या आवाजात वाचले, जसे माईक तपासताना वाचतो तसे. सुप्रिया पडद्यावर बोट ठेवून मान हलवत गेली. शेवटचा आकडा जुळला. तिनं दोन्ही हुकूम खोडले आणि नव्यानं लिहिले. पुसायचा असो की उतरवायचा, दोन्हींत एकच नाव, अंगावरच्या आकड्याचं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

तेवढ्यात दिग्विजय आला. डोळ्यांवर गॉगल, कपाळाला बुक्का. "ताई, माझी गानी उडाली का गं?"

"आत्ता उडत्याती. बघ तर."

यंत्रानं विचारलं. या खेपेला नाव आलं दिग्विजय डीजे. सुप्रियानं ते सगळ्यांना दाखवलं, मग 'वाय' दाबला. दिग्विजयनं गॉगल काढून छातीशी धरला.

"लई वराती नाचवल्या तिनं," तो म्हणाला.

"आता पुन्य करंल," सिंधुबाई म्हणाल्या. "मोकळी झाली न्हवं? मंग नाव ठिवा तिचं. आत्ताच्या आत्ता."

"आई, तात्या वरडाय लागल्यात!"

"वरडू द्या. मघाशी कशानं वाचली गं तू? नावानंच न्हवं? मंग!"

नावावरून थोडी ओढाताण झाली. दिग्विजय म्हणाला भामाबाई टू ठेवा, त्याला गप्प बसवलं. शेवटी सिंधुबाईंनीच तोडगा काढला. भामाबाईंना मूलबाळ नव्हतं. गेणबाच्या घरी चहाला यायच्या तेव्हा दारातून पहिली हाक मारायच्या ती छकुलीला. नव्या डिस्कचं नाव छकुली. सिंधुबाई वाकल्या, डिस्कजवळ तोंड नेलं आणि रीतसर कुर्रर्र केलं. दिग्विजयनं त्यांच्या पाठीत हलकेच बुक्का मारला, बारशाला मारतात तसा. सुप्रियानं मान खाली घालून नाव टाइप केलं. तिला पडदा नीट दिसत नव्हता.

प्रत उतरायला लागली. कीर्तन उतरता उतरता वाजवताही येणार होतं.

"आबा," सुप्रिया म्हणाली, "आता हितं तुमचं काम न्हाय. म्होरं जाऊन बसा."

"म्होरं? कुठं?"

"मांडवात. मानसं बसत्याती तितं."

गेणबानं एवढ्या वर्षांत कीर्तन ऐकलं ते सगळं बाजूनं, ॲम्प्लिफायरच्या सुया आणि आवाजाच्या खुंट्या बघत. समोरून कधी ऐकलंच नव्हतं. तो लाजत लाजत गेला. तात्यांनी त्याला दंडाला धरून पहिल्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं. पुढं गादीवर कुणी नव्हतं. चौरंगावर वीणा टेकवली होती, तिला हार. मागं टाळकऱ्यांची रांग उभी.

मग भामाबाई बोलल्या.

माउली, मी तिथं होतो. सुरुवातीला माणसं अवघडून बसली होती. हात जोडावेत की कसं, कळेना. पण बाईंनी नमन करून चाल धरली आणि मृदंगवाल्याची बोटं आपोआप उठली. टाळकऱ्यांनी पावली धरली. बाई गवळणींच्या घरचं सांगत होत्या, दह्यादुधाचं, कवाड ढकलून पळणाऱ्या पोराचं. "येक म्हनती कान्हा, येक म्हनती किस्ना, येक म्हनती मेल्या थांब तुझ्या आईला सांगती. पोरगं येकच. लोनी खाऊन तोंड पुसतंय!" डिस्कमधली माणसं हसली. कुठल्या सालची ती माणसं, त्यातली कितीतरी आज नाहीत. आणि त्यांच्या हसण्यात आमचं हसणं मिसळून गेलं. शेजारच्या म्हातारीनं माझ्या हातावर चापट मारली, बाई कीर्तनात शेजाऱ्याला मारायला लावायच्या तशी. हा देव, बरं का. मी म्हटलं होतं ना, जरा मागून येतो.

कीर्तन रंगात आलं. बाईंचा सूर वर चढला, टाळ चढले. आणि एकाएकी, ओवीच्या मधेच, भामाबाई थांबल्या. नेहमीच्या घोगऱ्या, घरातल्या आवाजात म्हणाल्या, "गेणबा, आवाज जरा बारीक कर रं लेका. म्होरं म्हातारी मानसं बसल्याती, त्यांच्या कानाचं भजं करतूयास का?"

त्या सालची माणसं खदाखदा हसली. आम्हीही हसलो.

पहिल्या रांगेतून गेणबा उठला. "व्हय बाई," म्हणाला. कुणाला ऐकू जावं म्हणून नाही. लोकांनी पाय आवरून वाट दिली. धोतराचा सोगा सावरत, वाकून, कुणाला पाय लागू न देता तो टेम्पोपाशी गेला. सुप्रियानं खुंटीवरचा हात काढून घेतला. गेणबानं खुंटी केसभर मागं फिरवली, कान देऊन ऐकलं, आणखी केसभर फिरवली. हसू हळूहळू विरत गेलं. मांडवात फक्त बाईंचा आवाज राहिला, आता अगदी बेताचा, शेजारी बसून बोलावं तसा. गेणबा परत पुढं आला नाही. तिथंच फळीवर बसला, खुंटीवर हात ठेवून, बाई आणखी काही सांगतील म्हणून.

तुम्ही कुठंही कीर्तनाला बसाल, माउली. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द पोचत असेल, तेव्हा हात जोडताना थोडं मागं, मांडवाच्या कडेलाही जोडा. आमच्या गेणबाची तेवढी आठवण काढा.